एका मताने निकाली काढलेला वाद: पुण्यातल्या एका कॉमिक्स कट्ट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या कॉमिक्स कट्ट्यावर घडलंय. मी तिथे पुस्तकांची वही सांभाळते, त्यामुळे सगळं जवळून पाहिलंय आणि जे झालं त्यात माझाही वाटा आहे. नावं कोणाचीच देत नाहीये, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं झालं तसं.

कट्टा सुरू झाला वेताळ टेकडीवर. चार जण रोज सकाळी फिरायला जायचे, त्यातल्या एका काकांनी एकदा बोलता बोलता सांगितलं की माझ्याकडे मराठीतल्या इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे, अजून जपून ठेवलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकन लेखक ली फॉकचा मुखवटेवाला हिरो फँटम १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे घरोघरी पोचला आणि मराठीत त्याचं नाव झालं वेताळ. पुढच्या रविवारी काका पिशवी भरून अंक घेऊन आले, वेताळबाबाच्या देवळाजवळ बसून सगळ्यांनी वाचले आणि मग दर महिन्याला भेटायचं ठरलं.

आता आम्ही कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, कधी पंधरा लोक कधी पंचवीस. पत्र्याच्या दोन ट्रंका आहेत, त्यात लोकांनी दिलेली दीडशेच्या वर पुस्तकं आहेत, बरीचशी अप्पा बळवंत चौकात आणि जुन्या बाजारात शोधून शोधून घेतलेली. कोणीही वहीत नाव लिहून पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या महिन्यात परत आणायचं, बस एवढाच नियम होता. हा नियम केला तेव्हा आम्ही सगळे मोठे होतो हे महत्त्वाचं. नंतर लोक आपापल्या मुलांना घेऊन यायला लागले, सहा-सात शाळकरी मुलं नियमित यायला लागली, आम्हाला त्याचा खूप आनंद झाला, पण नियम तोच राहिला आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रकरणात मुख्य माणसं पाच. एक ते इंद्रजालवाले काका, बँकेतून रिटायर झालेले. दुसरा दादा, चाळिशीचा, हिंजवडीत आयटीत आहे, ट्रंकेतली चाळीस पुस्तकं एकट्या त्याने दिलेली, म्हणजे बॅटमॅन, वॉचमेन, १९८६ नंतरचं जे जे गंभीर समजलं जातं ते सगळं त्याचं. तिसरी एक कॉलेजची मुलगी, चौथ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई. आणि पाचवी एका अकरा वर्षांच्या मुलाची आई.

काय घडलं

एप्रिलची बैठक होती, शाळेच्या परीक्षा संपलेल्या, मुलं जास्त होती. त्या मुलाने ट्रंकेतून 'द किलिंग जोक' काढलं. पातळ पुस्तक, वर कॅमेरा घेतलेला जोकर, म्हणजे बॅटमॅनचा शत्रू. त्याला कार्टूनमधला बॅटमॅन आवडतो. मी वहीत नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. तेव्हा चहा आला होता आणि माझ्यासमोर पाच-सहा जण रांगेत होते, एवढंच मी सांगू शकते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांना सांगायला हवं. अॅलन मूरने लिहिलेलं, ब्रायन बोलंडने काढलेलं, १९८८ चं कॉमिक आहे, पन्नास पानांच्या आतलं. त्यात पोलीस कमिशनर गॉर्डनची मुलगी बार्बरा, जी पूर्वी बॅटगर्ल होती, ती घरी वडिलांबरोबर असताना बेल वाजते, ती दार उघडते आणि दारात जोकर पिस्तूल घेऊन उभा असतो. तो तिला गोळी घालतो, तिचे कपडे काढून फोटो काढतो आणि ते फोटो नंतर तिच्या वडिलांना दाखवतो, का तर चांगला माणूसही एका वाईट दिवसात वेडा होतो हे त्याला सिद्ध करायचं असतं.

मेच्या बैठकीला त्या मुलाची आई आली. चिडलेली नव्हती, थकलेली होती. म्हणाली, "घरी बेल वाजली की हा मला दार उघडू देत नाही. आधी भोकातून बघ म्हणतो, मी बघितलं की परत बघ म्हणतो. काल दूधवाल्यालाही आत घेऊ दिलं नाही. आणि रात्री लाइट चालू ठेवून झोपतो."

पुस्तक तिने टेबलावर ठेवलं, मी वहीत परत आल्याची खूण केली. तिने अजून एक वाक्य म्हटलं होतं, "देताना मला एक फोन केला असतात ना." ते वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच त्याला उत्तर दिलं नाही, कारण तोपर्यंत काका आणि दादा यांच्यात सुरू झालं होतं.

वाद

खरं तर हा वाद जगात सगळीकडे चालतो, सुपरहिरोच्या गोष्टी इतक्या काळोख्या झाल्या ते चांगलं की वाईट. आमच्याकडे तो आधी गमतीत चालायचा, त्या दिवशी मात्र समोर एक आई उभी होती.

काकांचं म्हणणं साधं होतं. मी दहा वर्षांचा असताना आमच्या वाड्यात संडास अंगणाच्या टोकाला होता, रात्री जायची भीती वाटायची, वेताळ वाचल्यावर ती गेली, कारण अंधारातून येणारा माणूस आपल्या बाजूचा असू शकतो हे मला त्याने शिकवलं. सुपरहिरोचं काम हेच. ज्या गोष्टीने मूल दार उघडायला घाबरतं ती सुपरहिरोची गोष्टच नाही, तिला दुसरं काही नाव द्या.

दादाने इतिहास काढला. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच कॉमिक्स कोड बनवला, म्हणजे नियमांची यादी, आणि ती पाळणाऱ्या अंकावर मंजुरीचा शिक्का. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, पोलीस-न्यायाधीशांचा अनादर नको, व्हॅम्पायर नको झाँबी नको. दादा म्हणाला की या कोडमुळे एक अख्खी कला कितीतरी वर्षं पोरकट राहिली, १९८६ मध्ये 'डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये पंचावन्न वर्षांचा थकलेला बॅटमॅन आला, त्याच वर्षी 'वॉचमेन' सुरू झालं, तेव्हा कुठे मोठ्या माणसांना हे वाचावंसं वाटलं. तुम्हाला परत १९५४ ला जायचंय का?

मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघंही चुकत होते असं आता वाटतं. दादा एक गोष्ट सोडून बोलत होता, की वॉचमेननंतर जे शेकडो अंक आले त्यात वॉचमेनचा विचार कमी आणि रक्त, दात-ओठ खाणारे चेहरे, भल्यामोठ्या बंदुका जास्त होत्या, आणि नव्वदच्या दशकात त्याचा इतका अतिरेक झाला की १९९६ साली मार्क वेड आणि अॅलेक्स रॉस यांनी 'किंग्डम कम' मध्ये त्यावरच गोष्ट केली, ज्यात नव्या पिढीचे हिरो बेफाम मारत सुटलेत आणि सुपरमॅन सगळं सोडून निघून गेलाय. काका काय सोडून बोलत होते ते पुढे येईलच.

या गोंधळात त्या कॉलेजच्या मुलीने पुस्तक उचललं, पानं चाळली आणि विचारलं, "बार्बराला काय वाटलं, ते कुठल्या पानावर आहे?"

दादा म्हणाला दवाखान्यात आहे की. ती म्हणाली, तिथे ती वडिलांच्या काळजीने बोलतेय, मी तिच्याबद्दल विचारतेय. दादाने पुस्तक घेतलं आणि शोधायला लागला.

त्याला सापडलं नाही, कारण तसं पान नाहीये. पण त्या प्रश्नावर आम्ही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचे दोन महिने वाचले असते.

पहिला निर्णय: मतदान

वाजले होते साडेबारा, हॉल एकपर्यंतच आपल्याकडे असतो, सोसायटीचा वॉचमन दोनदा डोकावून गेला. मी म्हटलं, हे असं संपणार नाही, मत घेऊया. डार्क पुस्तकं ट्रंकेतून काढून कपाटात बंद ठेवायची की नाही, हात वर करा. एकोणीस लोक होते. दहा हात वर गेले, नऊ खाली राहिले. मी वहीत लिहिलं, ठराव मंजूर.

हा प्रकरणातला पहिला निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचा. कोणती पुस्तकं डार्क हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. मुलांना देऊ नये असं वाटणारे आणि मोठ्यांनीही वाचू नये असं वाटणारे, दोघांनी एकच हात वर केला. आणि मुलाच्या आईने हातच वर केला नव्हता. ती त्या नऊ जणांत मोजली गेली, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी, बैठक नसताना, दादा येऊन त्याची चाळीस पुस्तकं घेऊन गेला. भांडला नाही. यादी तपासली, सही केली, गाडीच्या डिकीत ठेवली. जाताना म्हणाला, "अगं, माझ्या पुस्तकांवर मत घेतलं ना तुम्ही, मग आता ती माझ्याकडेच बरी." ट्रंक एका बाजूने रिकामी दिसायला लागली. नऊमधले अजून तिघे जूनच्या बैठकीला आले नाहीत.

त्याच आठवड्यात मला जेसन टॉडची गोष्ट आठवली, जी आम्ही कट्ट्यावर कितीदा तरी सांगितलीय. १९८८ साली बॅटमॅनच्या दुसऱ्या रॉबिनला, म्हणजे त्याच्या पोरसवदा जोडीदाराला, जेसनला, जोकर मारहाण करतो, स्फोट होतो, आणि तो जगेल की मरेल हे प्रकाशकांनी वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं. दोन नंबर, फोनमागे पन्नास सेंट, छत्तीस तास. जगवा म्हणणारे ५,२७१, मारा म्हणणारे ५,३४३. फक्त ७२ मतांनी एक पोरगा मेला. दहा हजारांवर फोन आले पण प्रश्न एवढाच होता, जगू दे की मरू दे. त्याची गोष्ट नीट लिहिली जातेय का, तो लोकांना का आवडत नाही, तो वेगळ्या तऱ्हेने जाऊ शकतो का, हे विचारायला नंबरच नव्हता. मी पण तेच केलं होतं, ७२ च्या जागी एक.

मतदानानंतर समोर असलेले पर्याय

जूनमध्ये बैठकीआधी आम्ही चौघं, म्हणजे काका, फिजिओथेरपिस्ट ताई, ती मुलगी आणि मी, कर्वे रोडवरच्या एका अमृततुल्यमध्ये बसलो आणि शांतपणे बघितलं की काय करता येईल.

ठराव तसाच ठेवायचा हा एक पर्याय, पण त्यात कट्टा हळूहळू संपणार हे दिसत होतं. दोन वेगळे कट्टे करायचे, मुलांचा आणि मोठ्यांचा, हे मला सुरुवातीला पटलं होतं, पण ताई म्हणाल्या की मग पंधरा वर्षांच्या मुलीला कुठे बसवणार, आणि दुसरं म्हणजे काका आणि ती पोरं एकत्र असतात यातच तर कट्ट्याचा जीव आहे. ते खरं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शिक्क्यांवर. म्हणजे स्टिकर लावायचे, तेराच्या वर, अठराच्या वर, सिनेमाला असतं तसं. सोपं आणि पटकन होण्यासारखं. पण त्या मुलीने दोन अंकांची उदाहरणं दिली आणि मला ती फार महत्त्वाची वाटतात. १९७१ मध्ये स्टॅन लीने स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ड्रग्जच्या विरोधात गोष्ट लिहिली, ती पण अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने विनंती केली म्हणून, पण कोडवाल्यांनी ड्रग्जचा उल्लेखच नको म्हणून शिक्का नाकारला आणि ते अंक शिक्क्याशिवाय निघाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, १२१ व्या अंकात स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, स्पायडरमॅन तिला जाळ्याने पकडतो आणि तिच्या मानेशी छोटासा आवाज लिहिलेला असतो, तो आवाज म्हणजे तिची मान मोडल्याचा, म्हणजे वाचवायला गेलेल्याच्या हातूनच बहुतेक ती मेली. त्या अंकावर शिक्का होता. मग शिक्क्याने वाचणाऱ्याला नेमकं काय कळलं?

यावर काका बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी त्यांच्याकडे काय झालं ते सांगितलं. ठरावानंतर त्यांनीच त्या मुलाला घरी बोलावून वेताळाचे अंक वाचायला दिले होते, हे वाच, भीती जाईल म्हणून. मुलाने पहिलाच अंक वाचून विचारलं, "आजोबा, हा कवटी हातात घेऊन शपथ घेतोय ती कोणाची कवटी आहे?" आता वेताळाची मूळ कथा अशी की चाच्यांनी बापाला मारलं, पोरगा एकटा वाचून किनाऱ्याला लागला आणि बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. काका म्हणाले, "मी साठ वर्षं हे वाचतोय, आणि हे डार्क आहे असं मला कधी वाटलंच नाही. पोराला सांगताना माझी जीभ अडखळली."

त्यांनी अजून एक म्हटलं, आपण मुलांना महाभारत सांगतो त्यात सौप्तिकपर्व आहे, अश्वत्थामा रात्री झोपेतल्या पोरांना मारतो, पण सांगताना आपण शेजारी बसलेले असतो. मूल मध्येच काहीतरी विचारतं, आपण थांबतो, पाणी देतो, उरलेलं उद्या सांगतो. ट्रंकेतून पुस्तक गेलं की शेजारी कोणीच नसतं.

इथून पुढे दिशा मिळाली.

काय केलं

पहिलं काम, मी मुलाच्या आईला फोन केला आणि जे मेमध्ये विचारायला हवं होतं ते विचारलं, तुम्हाला काय हवंय? ती म्हणाली, पुस्तक बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं हो, मला फक्त आधी कळायला हवं होतं, मी त्याच्याबरोबर बसून वाचलं असतं किंवा दोन वर्षं थांबवलं असतं. मग म्हणाली की बैठकीत सगळे माझ्या पोराबद्दल बोलत होते आणि पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता. ते मला माहीतच नव्हतं.

दुसरं, दादाच्या घरी मी आणि काका गेलो. काकांनी गेल्या गेल्या सांगितलं की पुस्तकं मागायला आलो नाही, तुझ्याबरोबर एकदा ते 'किलिंग जोक' वाचायला आलोय. जुलैमध्ये फक्त मोठ्यांची एक बैठक ठेवली, तेरा जण आले, दादाही आला. एकच काम ठेवलं होतं, पुस्तक वाचताना दोन रकाने भरायचे. या गोष्टीत भोगतंय कोण, आणि पानं कोणाला मिळालीत. चांगलं-वाईट, डार्क-ब्राइट हे शब्द त्या दिवशी वापरायचेच नाहीत असं ठरवलं, आणि चुकून कोणी वापरलाच तर बाकीचे थांबवायचे.

'किलिंग जोक'मध्ये रकाने जुळलेच नाहीत. भोगते बार्बरा, पानं जोकरला, गॉर्डनला, बॅटमॅनला. शेवटी पावसात बॅटमॅन आणि जोकर एका विनोदावर हसतात आणि ती दवाखान्यात असते. चित्रं अप्रतिम आहेत, जोकरचा भूतकाळ वाचताना पोटात कालवतं, हे सगळं खरं आहे, मी स्वतः ते तीनदा वाचलंय. पण मूरने स्वतःही नंतर या कॉमिकबद्दल नाराजी बोलून दाखवलीय, आणि का ते त्या रकान्यात दिसत होतं. त्या मुलीने कॉमिक्स लेखिका गेल सिमोनची आठवण काढली, तिने १९९९ मध्ये अशा बायकांची यादीच केली होती ज्यांना फक्त पुरुष हिरोला धक्का बसावा म्हणून मारलं किंवा जायबंदी केलं. यादीला नाव दिलं ते १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न' कॉमिकमधल्या एका अंकावरून, ज्यात हिरोच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं.

मग वॉचमेन घेतलं, दादाचं लाडकं. तोच प्रश्न. आणि इथे दादाने स्वतःच जे शोधलं ते मी विसरणार नाही. वॉचमेनमध्ये कोपऱ्यावर एक पेपरवाला आहे, आणि त्याच्या स्टॉलला टेकून फुकटात कॉमिक वाचणारा एक मुलगा. बारा अंकांच्या गोष्टीत ते दोघं परत परत येतात, पेपरवाला आपला बडबडत असतो, मुलगा लक्ष देत नाही. अकराव्या अंकाच्या शेवटी जेव्हा न्यू यॉर्कवर लाखो लोकांचा जीव घेणारं संकट येतं तेव्हा पेपरवाला त्या मुलाला मिठीत घेतो आणि दोघंही पांढऱ्या उजेडात नाहीसे होतात. दादा म्हणाला, "मी वीस वर्षं हे त्यातल्या मुखवटेवाल्या रोर्शाकसाठी वाचलं. तो तुरुंगात काय बोलतो ते मला पाठ आहे. या दोघांवरून मी नुसता पानं उलटत गेलो." लाखो लोक मेले हे आकड्याने कळत नाही, त्या दोघांमुळे कळतं, कारण त्यांना पानं मिळालीत.

त्याच बैठकीत दादानेच पिशवीतून 'ऑल-स्टार सुपरमॅन' काढलं, जे त्याने कधीच ट्रंकेत दिलं नव्हतं, आणि दहाव्या अंकातलं एक पान दाखवलं. एक मुलगी उंच इमारतीच्या कडेवर उडी मारायला उभी आहे, सुपरमॅन स्वतः मरायला टेकलाय, तरी तो तिच्यामागे येऊन उभा राहतो, तुला वाटतं त्यापेक्षा तू खूप खंबीर आहेस असं सांगतो आणि तिला जवळ घेतो. दादा म्हणाला की हे पान मला एका वाईट काळात मदतीला आलं होतं, पण कट्ट्यावर मी डार्कवाला म्हणून ओळखला जातो ना, म्हणून कधी दाखवलं नाही. ऐकून काकांनी चष्मा काढून पुसला.

तिसरं काम फिजिओथेरपिस्ट ताईंनी केलं. बार्बराचं पुढे काय झालं हे त्यांनी वाचून काढलं आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांसमोर, मुलांसमोर सुद्धा, सांगितलं. बार्बराला तसंच टाकून दिलेलं पाहून किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याला राहवलं नाही, त्यांनी १९८९ मध्ये तिला ऑरॅकल म्हणून परत आणलं, व्हीलचेअरवर बसून कॉम्प्युटरच्या जोरावर सगळ्या हिरोंना माहिती पुरवणारी. आणि १९९६ मध्ये त्याच दोघांनी एक छोटी गोष्ट लिहिली जी त्या गोळीनंतरचे महिने बार्बराच्या बाजूने सांगते, तिचा राग, तिचे व्यायाम, ती परत स्वतःचं रक्षण करायला कशी शिकते. ताई म्हणाल्या, माझ्याकडे पाठीच्या कण्याला मार लागलेले पेशंट येतात, पहिले सहा महिने कसे असतात ते मला माहीत आहे, ते महिने सोडून पुढे जाणाऱ्या गोष्टी मला खोट्या वाटतात, ही नाही वाटली.

मुलगा पहिल्या रांगेत बसला होता, आईला विचारून. त्याने एकच प्रश्न विचारला, "मग आता तिच्या घराचं दार कोण उघडतं?" ताईंनी सांगितलं की ती स्वतःच, पण आधी कॅमेऱ्यात बघून.

चौथं काम चिठ्ठ्यांचं. ठराव रद्द केला, यावेळी मत न घेता, सगळ्यांशी एकेक करून बोलून, त्याला जवळपास तीन आठवडे गेले. त्याच्या जागी असं ठरलं की ज्या पुस्तकात मारहाण, मृत्यू, अत्याचार आहे त्यात ते वाचलेल्या माणसाने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवायची. आत काय आहे, कोणाला जड जाईल, आणि वाचून बोलावंसं वाटलं तर कोणाला फोन करायचा. शाळकरी मुलाला चिठ्ठीवालं पुस्तक देताना वहीत आई-बाबांशी बोलल्याची नोंद. बस.

परिणाम

दादाने पंचवीस पुस्तकं परत दिली, पंधरा स्वतःकडे ठेवली, ते ठीकच आहे. न येणाऱ्या तिघांपैकी एक परत आला. दोघं आले नाहीत, त्यातल्या एकाने मला स्पष्ट सांगितलं की चिठ्ठ्या म्हणजे पण सेन्सॉरच, आणि त्याचं म्हणणं मी खोडू शकले नाही, फक्त चिठ्ठी वाचून पुस्तक घेता येतं आणि कपाटाला कुलूप असलं की घेता येत नाही एवढा फरक मला दिसतो. उलट बाजूने एका कुटुंबाला आम्ही फार ढिलं सोडलं असं वाटलं, तेही येत नाहीत. म्हणजे सगळे खूश झाले असं अजिबात नाही.

मुलगा साधारण जुलै संपेपर्यंत लाइट लावून झोपत होता. आता नाही. जोकरचं काही नेत नाही, स्पायडरमॅन नेतो, काकांकडे जाऊन वेताळ वाचतो आणि त्यांना प्रश्न विचारून बेजार करतो असं काका कौतुकाने सांगतात.

पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात आधी, ज्याच्यामुळे विषय निघाला त्याला काय हवंय ते विचारलं पाहिजे. त्या आईला एक फोन हवा होता आणि आम्ही तिच्या पोराच्या जोरावर १९५४ ते १९८६ चं भांडण भांडत बसलो. मुलाला हॉलबाहेर कोणीतरी खेळायला न्यायला हवं होतं, तेवढं सुद्धा कोणाला सुचलं नाही.

मतदान त्या दिवशी नकोच होतं. वेळ संपत आली होती हे खरं, पण पुस्तक एक महिना माझ्या घरी ठेवते, पुढच्या वेळी बोलू, एवढं म्हणून हॉल रिकामा करता आला असता. घाईत विचारलेला प्रश्न नेहमी हो-नाहीचा होतो आणि यात हो-नाहीचं काहीच नव्हतं.

त्या कॉलेजच्या मुलीच्या प्रश्नावर तिथेच थांबायला हवं होतं याचं मला अजून वाईट वाटतं. सगळ्यात लहान होती म्हणून असेल, मुलगी होती म्हणूनही असेल, काका आणि दादाचा आवाज मोठा होता आणि तिचा प्रश्न दोन महिने तसाच पडून राहिला. जुलैच्या बैठकीतले दोन रकाने हा तिचाच प्रश्न आहे, आम्ही फक्त रेघा मारल्या.

आणि मुलं यायला लागली त्याच दिवशी नियम बदलायला हवा होता. ते काम वही सांभाळणारीचं होतं, म्हणजे माझं.

सध्या

आजपर्यंत एकतीस पुस्तकांत चिठ्ठ्या झाल्यात. मुलाची आई आता चिठ्ठ्या लिहायला बसते, तिचं अक्षर सगळ्यात चांगलं आहे. 'किंग्डम कम'मध्ये एकाच कागदावर वर काकांनी आणि खाली दादाने लिहिलंय, दोघांचं पटलेलं नाहीये, दोघांचेही फोन नंबर दिलेत.

'किलिंग जोक'ची चिठ्ठी त्या कॉलेजच्या मुलीकडे आहे. तीन वेळा लिहून तिने फाडली, म्हणते की जोकरबद्दलच जास्त लिहिलं जातंय. तोपर्यंत ते पुस्तक माझ्या घरी कपाटात आहे, कुलूप नाहीये, कोणी मागितलं तर आधी बसून बोलते आणि मग देते.